तुंगभद्रेकाठचा डावा डोळा

बाय, परवा तुझी पेणची खोली रिकामी केली. रिकामी करायला होतं तरी काय? दोन ट्रंका, चार पातेली, पाच वर्षं न पेटवलेला आणि तरी टाकू न दिलेला तो स्टोव्ह, आणि ब्रशांचा पत्र्याचा डबा. घरमालकीण म्हणाली, चावी सावकाश द्या, घाई नाय. मी म्हटलं, आजच घ्या बाई, नाहीतर मी रोज रोह्याहून येऊन इथं बसत राहीन.

तुझ्या तेराव्याला गावी आपल्या दादाच्या पडवीत माणूस मावत नव्हता. जो तो तुझ्याबद्दल चांगलं बोलत होता. किती शांत बाई, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, शांत? हिच्यासारखी हट्टी बाई उभ्या तालुक्यात नसेल, तोंड उघडत नसे म्हणून लोकांना कळलं नाही इतकंच. सगळे बोलले, जेवले, गेले. माझंच बोलायचं राहिलं, कारण माझं बोलणं तुझ्याशी होतं.

तर ऐक. तुझा हात थरथरतो हे बाळाशेठला मी सांगितलं. दुसरंतिसरं कुणी नाही, मी, तुझी पाठची बहीण पमी. ज्याच्या कारखान्यात तू त्याच्या बापाच्या वेळेपासून गणपतीचे डोळे आखलेस, त्याच्या टेबलासमोर उभी राहून मी ते सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात त्यानं तुझ्याकडचं डोळ्यांचं काम काढून घेतलं. दोन वर्षं मी हे तुला सांगेन सांगेन म्हणत राहिले, आणि तू गेलीस.

पमीच्या तोंडात तीळ भिजत नाय, हे तूच म्हणायचीस. ते म्हणायला तू कुठं सुरुवात केलीस तेही मला आठवतं. बाबा तेव्हा धरमतरच्या खाडीकडच्या मिठागरात होते. मिठाचा वाफा पाणी घेण्याआधी पायांनी तुडवून आणि फळीनं चोपून अगदी आरशासारखा करतात, तसा तो एक वाफा बाबांनी आणि आईनं सकाळपासून खपून केला होता. तू असशील बारा-तेराची. दुपारी सगळी जेवायला बांधावर बसली, तेव्हा तू त्या वाफ्यात उतरलीस आणि टाचेनं एक भलामोठा डोळा काढलास. या बांधापासून त्या बांधापर्यंत. मी वरून बघत होते आणि मला तो इतका आवडला, की मी धावत जाऊन बाबांनाच सांगितलं, चला बघायला. बाबांनी हात नाही उगारला. तुला म्हणाले, आता एकटीनं चोप. तू सूर्य बुडेपर्यंत चोपत होतीस आणि मी बांधावर रडत होते. वर आल्यावर तू मला एवढंच म्हणालीस, "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाय गो पमे." तेव्हापासून आपल्या घरात ते माझं आडनावच झालं.

पण मला सांगायचंय ते होस्पेटचं.

आमच्या निलेशला तिकडच्या पोलादाच्या कारखान्यात नोकरी लागून क्वार्टर मिळालं, तेव्हा त्यानं पहिला फोन मला केला आणि दुसरा तुला. मावशे, आईला घेऊन ये. माझ्या पोरानं मला घेऊन यायचं काम तुझ्यावर सोपवलं, याचा मला रागच आला होता, पण बरोबरच होतं त्याचं. मी रोह्याच्या पलीकडे एकटी कधी गेले होते? तू मात्र पेणच्या गणपतींबरोबर टेम्पोत बसून पार नागपूरपर्यंत जाऊन आलेली, वाटेत कुणाच्या सोंडेचा टवका उडाला तर बसवायला. माघी गणपती आटोपले, कारखान्यात जरा उसंत मिळाली, आणि आपण निघालो. दोन गाड्या बदलल्या. तू सबंध प्रवासात खिडकी सोडली नाहीस आणि मी सबंध प्रवासात पिशव्या मोजल्या.

होस्पेटला उतरलो तर सगळंच लाल. रस्ता लाल, झाडं लाल, लोखंडाचा दगड भरून जाणारे ट्रक लाल, त्यावर बसलेली माणसं लाल. दुसऱ्या दिवशी दोरीवर टाकलेलं तुझं पांढरं पातळ संध्याकाळी विटकरी झालं. लांबवर कारखान्याच्या चिमण्या, त्यांच्या खाली केळीच्या बागा आणि उसाची शेतं, आणि मधून वाहणारा तुंगभद्रेच्या धरणाचा कालवा, काठोकाठ. शिफ्ट सुटायचा भोंगा झाला, तसे सायकली नि मोटरसायकलींवरून डबे लटकवलेले लोक बाहेर पडले, आणि तू गॅलरीतून बघत म्हणालीस, ही तर आपल्या रोह्याची थोरली भैन गो. नदी, कंपनी आणि डबेवाली माणसं. माझा निम्मा परकेपणा तिथंच गेला. आमच्या यांनी कुंडलिकेकाठच्या कंपनीत जन्म काढला, मला ती भाजी-भाकरीची घाई दारावरूनच ओळखू येते.

निलेशला रविवारशिवाय सुट्टी नव्हती आणि तुला रविवारपर्यंत दम नव्हता. तिथून जवळच जुनी राजधानी आहे, मैलच्या मैल नुसती देवळं आणि मंडप, हे तू त्याच्याकडून ऐकलंस आणि बुधवारी सकाळी पिशवी घेऊन दारात उभी. पोरानं आपल्याला हंपीच्या बसमध्ये बसवलं, कंडक्टरला चार शब्द कानडीतून सांगितले आणि मला दहा वेळा बजावलं, मावशीला सोडू नको. मला! तुला नाही सांगितलं काही.

तिथं तू जे वागलीस ते आठवून मला अजून हसू येतं, आणि परवा रडू आलं. लोक चपला काढून, खाली वाकून, हात जोडून चालले होते आणि तू चपला घालून सरळ खांबाखांबाशी जाऊन देवांच्या तोंडाकडे निरखून बघत होतीस. एकाला नमस्कार नाही. मी कानात म्हटलं, अगो देवळं आहेत ही. तू म्हणालीस, "डोळे राह्यलेत याचे."

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं. तुझ्या कारखान्यात डोळे आखल्याशिवाय गणपती देव होत नाही, तोवर तो माल. त्याच्या गुडघ्यावर चहाचा कप ठेवा, त्याला ओलांडून पलीकडे जा, कुणी काही म्हणत नाही. एकदा का डोळे झाले की मग त्याच्यावरून कुणी पाय टाकत नाही, त्याच्यासमोर कुणी शिवी देत नाही. त्या हिशेबानं तू सगळं हंपी फिरलीस. खांबावरचे मारुती, भिंतीवरचे राम सगळे तपासलेस, आणि त्या एवढ्या थोरल्या दगडी गणपतीसमोर उभी राहून कमरेवर हात ठेवून म्हणालीस, केवढा हा कारखाना, केवढे कारागीर, आणि आखणीवाला एक मिळाला नाय यांना? शेजारचा गाइड आपल्याकडे बघायला लागला, तेव्हा मी लाजेनं खांबाआड गेले.

मी तुला समजावलं, की दगडाचे डोळे कोरतात, रंगवत नाहीत, आणि हे सगळं पाचशे वर्षं ऊन-पाऊस खात उभं आहे, झिजणारच. आणि मग माझी जीभ घसरली. म्हटलं, बाय, झिजलं तरी उभं तर आहे? तुझं बघ, वर्षभर राबतेस आणि दहा दिवसांत पाण्यात. तुझं नाव घ्यायला एक डोळा शिल्लक राहत नाही. तू चिडली नाहीस. पिशवीतनं शेंगा काढून सोलत म्हणालीस, याला बघायला माणसं तिकीट काढून येतात गो. माझा दरसाल लोकांच्या घरी जातो, मोदक खातो. मी म्हटलं, ते काही खरं नाही. तू म्हणालीस, नाय तर नाय. हे भांडण आपण परतीच्या गाडीत पुरं करणार होतो. परतीच्या गाडीत आपण एक अक्षर बोललो नाही.

कारण दुपारी ते झालं.

नदीवर गेलो होतो. तिथल्या त्या गोल टोपलीसारख्या होड्या बघून खाडीकाठची तू हसून हसून खाली बसलीस, म्हणे याची पुढची नाळ कुठं नि मागची बाजू कुठं, जायचं कुठं ते होडीला तरी ठाऊक हाय काय? माझे पाय सुजले होते, मी पाण्यात पाय सोडून बसले. तू मागच्या दगडांत हिंडत होतीस. बराच वेळ तुझा आवाज नाही म्हणून मी वळून पाहिलं, तर तू मांडी घालून बसलेली, समोर एक घागरीएवढा सुटा दगड, आणि तुझा ब्रशांचा डबा उघडा.

जवळ आले तर तो गणपती होता. नाव नाही, पाटी नाही, पूजा नाही, कधीकाळी कुठल्यातरी मंडपातून निखळून तिथं येऊन पडलेला. अर्धी सोंड गेलेली, कान शाबूत, आणि चेहरा इतका झिजलेला की डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन खळग्या. तू नदीच्या पाण्यानं त्याचं तोंड धुतलं होतंस. मी म्हटलं, बाय, नको. तू बोट वर केलंस. तुझ्या कोपऱ्यात तू डोळ्याला बसलीस की कारखान्यात कुणी बोलायचं नाही, तो नियम तू तिथंही चालवलास, आणि मी वेडी गप्प बसले.

एका श्वासात एक डोळा, हे तुझं. उजवा तू काढलास. वरची पापणी, कोपरा, खालची रेघ, बुबुळ. बाय, त्या दगडाला जाग आली. मी तुझी बहीण असून इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, खरंच आला. मी मनातल्या मनात हात जोडले.

मग तू ब्रश पुन्हा बुडवलास, श्वास घेतलास आणि डावा सुरू केलास. आणि तुझा हात हलला. थोडा नाही. बसमध्ये धक्का बसावा तसा हलला, आणि खालची रेघ गालावर घसरत गेली. तू ब्रश खाली ठेवून उजवा हात डाव्या हातानं धरलास. तेव्हा मी समजले, की हे आजचं नाही. ज्या सवयीनं तू तो हात धरलास ना, त्यावरून समजले. वर्ष तरी झालं असेल, आणि तू कुणाला कळू दिलं नव्हतंस.

पण तुला हाताचं पडलंच नव्हतं तेव्हा. तू पदर ओला करून तो डोळा पुसायला लागलीस. ओल्यावर पुसायचं, तुमचा दुसरा नियम. चुकलेला डोळा ओला असेतो पुसता येतो. एकदा वाळला की देव बघायला लागतो, मग पुसायचा नाही, ती मूर्ती खाडीत सोडायची. शाडूवर दिलेल्या गुळगुळीत रंगावरून काळा रंग पुसला जातो गो, दगडावरून कसा जाईल? तो दगड पाचशे वर्षांचा तहानलेला, त्यानं रंग पिऊन टाकला. तू जितकं पुसलंस तितका तो आत गेला. शेवटी तू मागं सरलीस आणि म्हणालीस, "आता हा बघतोय गो पमे. असा वाकड्या डोळ्याचा इथं सोडून नाय जायचा मला. धर खालनं."

आणि आपण दोघी, एक साठीची नि एक सदुसष्टीची, त्या गणपतीचं तुंगभद्रेत विसर्जन करायला निघालो. बाय, कुणाला सांगितलं तर खरं वाटेल का? तू सोंडेकडून, मी पाठीकडून. मेला हलतोय कुठं. वीतभर सरकवला असेल, तोच मागं शिट्टी वाजली.

तो रखवालदार. खाकी शर्ट, पांढऱ्या मिशा, हातात काठी. त्यानं बघितलं ते असं, की दोन म्हाताऱ्या हंपीतली मूर्ती उचलून नदीकडे नेतायत. मूर्तीचोरच समजला तो आपल्याला. आधी कानडीतून ओरडला, मग हिंदीतून, मग खिशातला फोन काढला आणि पोलीस म्हणाला. तू शांतपणे त्याला मराठीतून समजावत होतीस, की हा बिघडलाय, पाण्यात सोडायला हवा. तुला वाटत होतं त्याला पटेल. गणपती बिघडला की पाण्यात सोडतात, यात न पटण्यासारखं काय, हा तुझा चेहरा.

आणि मी घाबरले. निलेशची नवी नोकरी, पोलीस, परका मुलूख. मी तुझा हात धरून त्याच्यासमोर नाचवला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत म्हटलं, "साहेब, इसका हात देखो. हात कापता है. बुढ्ढी है, इसको अब कुछ आता नहीं."

काम झालं. त्यानं तुझ्या हाताकडे बघितलं, तो खरंच कापत होता, आणि फोन खिशात ठेवला. आपल्याकडून बादलीभर पाणी आणि काथ्या घेऊन तासभर घासून घेतलं. उजवा डोळा फिका झाला, डावा ढिम्म हलला नाही. मग त्याला चहाची वेळ झाली असावी. दगड ढकलून जागेवर नेला, तुझ्याकडे बघून म्हणाला, जाने दो अम्मा, बरसात में जाएगा, आणि गेला. तू खाली बसून डबा बंद करत होतीस. एकेक ब्रश पुसून, नेहमीच्या क्रमानं. माझ्याकडे बघितलंस मात्र. इसको अब कुछ आता नहीं. वाक्य म्हणताना ते हिंदीत म्हणून मला सोपं वाटलं होतं. तुला हिंदी चांगलं कळतं, हे मी विसरले होते.

घरी परत आल्यावर चार दिवसांनी मी पेणला बाळाशेठकडे गेले. का गेले, हे मी स्वतःला शंभर प्रकारे समजावलंय. उद्या कुणाच्या घरचा गणपती बिघडला, पाटावर बसवताना कुणाच्या लक्षात आलं, तर एवढ्या वर्षांचं नाव एका दिवसात जाईल. चार पोरींसमोर तुझा हात हलण्यापेक्षा हे बरं. हे सगळं खरं आहे. आणि हेही खरं, आज तुझ्यापासून काय लपवायचं, की मला तुझा थोडा हेवा होता. पेणमध्ये मी कायम आखणीवाल्या बायची बहीण. मला वाटलं, एकदा तरी तुझ्यासाठी काही ठरवणारी मी असावी. बाळाशेठ मान खाली घालून ऐकत होता. म्हणाला, बरं झालं मावशी सांगितलंत. मी रडत रडत स्टँडवर आले आणि एसटीत बसल्यावर मला कळलं, आपण काय करून बसलो.

त्यानं तुला काढलं नाही, हे त्याचं चांगलंच. नव्या पोरींचे हात बसवायला तुला दिलं. फुटक्या मूर्तीच्या पाठीवर त्या रोज सकाळी डोळे गिरवायच्या आणि तू मागं उभी राहून हूं किंवा उंहूं म्हणायचीस. पण मी आले की तुझ्या बोटांकडे बघायचे आणि ती रिकामी दिसायची. मी वाळवलेल्या कोळंबीचे सोडे आणायचे, कडवे वाल आणायचे, जरा जास्तच आणायचे. तू एकदा चहा गाळता गाळता म्हणालीस, बाळाला माझ्या हाताचं कसं समजलं देव जाणे. मी म्हटलं, त्याला डोळे नायत काय? तू म्हणालीस, व्हय, तेही खरं. आणि मला दुसऱ्यांदा चहा दिलास. किती वेळा मी तिथूनच बोलायला सुरुवात करणार होते! पुढच्या खेपेला, म्हणत राहिले. मग दादाचा फोन आला, की तुला छातीत दुखतंय. मी निघाले, पण सगळं अर्ध्या तासात आटोपलं. ते कळलं तेव्हा माझी गाडी कासूला पोचली होती. मी पेणला उतरले तेव्हा तुझ्याशी बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तेराव्यानंतर मी निलेशला सांगितलं, एकदा नदीवर जा आणि तो आहे का बघ. दोन पावसाळे गेले होते. मागल्या आठवड्यात त्यानं फोटो पाठवला. उजवा डोळा, तो तुझा देखणा डोळा, पार गेला गो. डावा आहे. गालावर घसरलेल्या रेघेसकट आहे तसा आहे. कुणीतरी समोर दोन जास्वंदी ठेवल्या होत्या. मी फोन घेऊन तशीच गाडीत बसले आणि पेणला उतरले. तुला नाही तर नाही, बाळाशेठला तरी विचारायचं होतं, की तुला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं ना? मी सांगितलं हे त्यानं कधी तुझ्याकडे काढलं नाही ना? मला तेवढंच हवं होतं. तू माझ्याबद्दल तसला विचार घेऊन गेली नसलीस, तर मी जगेन, असं मनात होतं.

कारखान्यात रंगकाम जोरात होतं. मी त्याच्यासमोर फोन धरला आणि सगळं बोलून टाकलं, पोरी ऐकत होत्या तरी. बाळाशेठ फोटोकडे बघतच राहिला. मग त्यानं टेबलाचा खालचा खण उघडला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला शाडूचा एक पसाभर तुकडा माझ्यासमोर ठेवला. फुटलेल्या मूर्तीची पाठ. तिच्यावर एक डावा डोळा, आणि त्याची खालची रेघ घसरलेली. फोटोतला आणि हा, दोन्ही एकाच्याच हातचे हे आंधळ्यालाही कळलं असतं.

तो म्हणाला, तुम्ही होस्पेटवरनं आलात ना मावशी, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी बाय इथं आली. मला काही बोलली नाय. हा तुकडा घेतला, माझ्यासमोर बसून डोळा काढला आणि म्हणाली, बाळा, आता माझा डोळा असा येतो. मला डोळ्यांवरनं काढ.

मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी? मी चौथ्या दिवशी आले होते.

"व्हय. ती बोलली होती, पमी येईल. रडत येईल. तिला सांगू नको मी आधी येऊन गेले ते. तिला वाटू दे, तिनं वाचवलं मला."

बाय, मी तिथं रंगाच्या डब्यावरच बसले. पोरींनी पाणी आणून दिलं. मला आधी रडू नाही आलं, राग आला. तुझाच राग. म्हणजे तो चहा, तो बाळाला कसं समजलं देव जाणे, ते सगळं तू ठाऊक असून बोलत होतीस? मला बोलायला वाट करून देत होतीस, का माझी गंमत बघत होतीस? दोन्ही असेल, तुझं काही सांगता येत नाही. मी दोन वर्षं वाल आणि सोडे वाहत राहिले, आणि तू ते गपचूप शिजवून खाल्लेस! मला वाचवल्याचं समाधान द्यायला गेलीस आणि मी चोरासारखी राहिले. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे खरं, पण तुझ्या तोंडात धोंडा जरी टाकला तरी तो भिजून विरघळेल, पण बाहेर यायचा नाही.

मग रडले. बाळाशेठनं तो तुकडा मला दिला.

तुमच्या नियमानं तो पाण्यात जायला हवा. वाळलेला, चुकलेला डोळा. गाडीत बसेपर्यंत मी तेच धरून होते, की दादाकडे जाऊन धरमतरच्या खाडीत सोडते. पण रोह्याच्या गाडीत बसले, तुकडा ओटीत घेतला आणि कासू गेलं, नागोठणं गेलं, मी काही उतरले नाही. तू म्हणालीस ना, तुझं दरसाल लोकांच्या घरी जातं. एवढं एक माझ्या घरी राहू दे. हंपीतलं ते भांडण आपलं अर्धंच राहिलं होतं, त्यातली माझी बाजू मी अशी पुरी करते. तुला पटणार नाही, ठाऊक आहे.

तो आता माझ्या स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर आहे. हे पहिल्याच सकाळी विचारत होते, हे काय आणलंयस वाकडं? मी सांगितलं नाही. भाकऱ्या थापताना तो माझ्याकडे बघतो आणि मी त्याच्याशी बोलते, निलेशचं, यांच्या गुडघ्याचं, घरमालकिणीनं चावी घेताना डोळे पुसले त्याचं. सगळं सांगून झालं की मी रोज शेवटी तेच एक म्हणते. मला सांगायचं होतंस गो बाय.